घेण्याआधी चार जणांत वाजवून बघ

भाच्या, तुझ्या आईचा फोन आला होता. सोयाबीनचे पैसे हातात आले, आता पोरगं पुण्याला बास गिटार आणायला निघालंय, दादा तू जरा बोल त्याच्याशी, म्हणाली. घेऊ नको असं मी सांगणार नाही हे तिलाही ठाऊक आहे. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात संध्याकाळपर्यंत राहत नाही, म्हणून लिहून देतोय. गाडीत बसल्यावर एकदा नीट वाच.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बास एकट्यानं वाजवून निवडायचा नसतो. दुकानात काय होतं ते सांगतो. थंडगार खोली, दार बंद, तू स्टुलावर बसलेला, दुकानदार एकेक बास हातात देतोय. अशा ठिकाणी हमखास आवडतो तो चकचकीत आवाजाचा. खालून पोटात घुमणारा, वरून तार चमकणारा, चार-पाच नॉब असलेला, आत बॅटरी असलेला. त्याच्याशेजारी साधा प्रिसिजन बास वाजवून बघितलास तर तो बोथट वाटेल. सर्दी झालेल्या माणसाचा आवाज, असं आमच्या कीबोर्डवाल्याचं मत होतं.

आता तेच दोन बास आपल्या मुरुडला गणपतीच्या स्टेजवर आण. एका बाजूला ऑक्टोपॅड, दुसरीकडं कीबोर्डवाला दोन्ही हात मोकळे सोडून बसलेला, मध्ये ढोलकी, पुढं दोन गायक आणि एक गायिका. साऊंडवाल्यानं तर सगळ्याच चॅनेलचा बेस आधीच वाढवून ठेवलेला. अशा गर्दीत त्या चकचकीत बासचा खालचा घुमारा ढोलकीच्या धुमेत मिसळतो, वरची चमक कीबोर्ड आणि झांजेत जाते आणि मधे काही उरत नाही. लोकांना काहीतरी गडगडतंय एवढंच कळतं, कोणता सूर वाजला ते कळत नाही. बोथट वाटलेला प्रिसिजन मात्र तिथं एकेक सूर मोजून ऐकू येतो.

यात जादू काही नाही. बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की मूळ कंपन सेकंदाला साधारण 41. एवढा खालचा आवाज आपल्याकडचे स्पीकर नीट देत नाहीत, कानालाही तो फार स्पष्ट नसतो. सूर कोणता हे आपण ओळखतो ते त्याच्या वरच्या कंपनांवरून. शंभरापासून सात-आठशेपर्यंतच्या टापूत. तंबोऱ्याच्या खर्जाचं असंच असतं. तार खाली बोलते, पण तिची ओळख पटते ती वरच्या जवारीवरून. प्रिसिजनचा सगळा जोर नेमका या मधल्या टापूत आहे.

हा बास केला लिओ फेंडरनं, कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात, 1951 मध्ये. माणूस मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला तर वाटतं म्हणूनच त्याला वादकाची अडचण दिसली. त्याआधी बास म्हणजे माणसाच्या उंचीचं उभं वाद्य. गाडीवर बांधून न्यायचं, आणि एवढं करून ट्रम्पेटच्या गोंगाटात ऐकू येत नसे. त्याला फ्रेटही नसत, सूर कानानं शोधायचा. लिओनं ते गळ्यात अडकवण्याएवढं केलं, फ्रेट बसवले आणि पिकअप लावला. फ्रेटमुळं सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. 1957 मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत केला, दोन तारांना एक तुकडा. आज प्रिसिजन म्हणून दुकानात मिळतो तो तोच.

तीन वर्षांनी, 1960 मध्ये, त्यानंच जॅझ बास आणला. दोन पिकअप, एक मध्यावर आणि एक ब्रिजजवळ, दोघांना वेगवेगळा व्हॉल्यूम. कमरेला तिरका आकार आणि वरच्या टोकाला बारीक नेक. दोन्ही पूर्ण उघडलेस तर मधला टापू थोडा खाली बसतो आणि आवाज गुळगुळीत होतो. फक्त ब्रिजचा उघडलास तर नाकातून बोलल्यासारखा, टोकदार. म्हणजे एका वाद्यात तीन-चार आवाज. स्टुडिओत वाजवणाऱ्याला ही सोय मोठी आहे, कारण तिथं गर्दी नसते आणि मिक्स करणारा कान देऊन बसलेला असतो. अमेरिकेत मार्कस मिलरनं 1977च्या जॅझ बासवर आयुष्य काढलं. दुसरीकडं डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन बघ. त्यानं 1962च्या प्रिसिजनवर, तार तुटेपर्यंत न बदलता, एका तर्जनीनं ढिगानं गाणी वाजवली. आता यातला कोणता बास चांगला असं विचारशील तर मी उत्तर देणार नाही. तुझा बास कुठं वाजणार आहे हे आधी सांग, मग बोलू.

तू वाजवणार आहेस जयंतीच्या कार्यक्रमात, गणपतीत, नवरात्रात, लग्नाच्या आदल्या रात्री, लातूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात. रेकॉर्डिंग निघालं तर वर्षाकाठी एखादं. या हिशेबानं प्रिसिजन. आता दोन अडचणी आहेत, त्या ऐकून मग ठरव.

पहिली अडचण हाताची. प्रिसिजनची नेक नटपाशी 41 ते 44 मिलिमीटर रुंद असते, जॅझ बासची 38. वाचताना फरक काहीच वाटत नाही. पण दोन तास वाजवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जे दुखतं ते या चार-पाच मिलिमीटरचं. तुझा पंजा तुझ्या आजोबांवर गेलाय, आखूड बोटांचा, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. दुकानात गेल्यावर आवाजाच्या आधी हे कर. बास गळ्यात घालून उभा राहा, बसून नाही. डावा हात पहिल्या फ्रेटवर, पहिलं बोट आणि करंगळी यांत चार फ्रेट येतात का बघ. नाही आले तर घाबरू नको, 34 इंची बासवर पहिला फ्रेट नटपासून जवळजवळ 48 मिलिमीटर लांब असतो, बहुतेकांना तिथं तीनच फ्रेट झेपतात. उभा बास वाजवणारे पहिलं, दुसरं आणि चौथं बोटच वापरतात, तिसरं करंगळीला आधार देतं. तसं कर. मनगट मात्र काटकोनात वळायला नको. वळत असेल तर पट्टा आखूड करून बास वर घे. गुडघ्यापर्यंत बास लोंबकळवून वाजवणारे पोस्टरवर छान दिसतात.

तरीही नेक जाड वाटली तर जॅझ नेकचा बास घे, त्यात कमीपणा काही नाही. किंवा पीजे घे. मध्यावर प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप आणि ब्रिजजवळ जॅझचा एक. यामाहा, इबानेझ यांच्या स्वस्तातल्या बासमध्ये बऱ्याचदा हीच जोडी असते, आणि नेकही बारीक असते. दुकानदार सांगेल की यात दोघांचे गुण आहेत. पूर्ण खरं नाही ते. दोन्ही पिकअप उघडले की प्रिसिजनचा तो मधला जोर कमी होतो. पण ब्रिजवाला बंद करून फक्त मधला ठेवलास की स्टेजवर काम भागतं, आणि पुढं कधी रेकॉर्डिंगला दुसरा आवाज हवा झाला तर नॉब आहेच. आपल्या पैशात, आपल्या भागात, मला विचारशील तर हाच शहाणपणाचा सौदा.

दुसरी अडचण विजेची. ही पुण्यातला दुकानदार सांगणार नाही, कारण त्याच्या दुकानात अर्थिंग धड असतं. जॅझ बासचा एकेकटा पिकअप बाहेरची भुणभुण ओढून घेतो. दोन्ही पूर्ण उघडे असले तर बहुतेक बासमध्ये एकमेकांची भुणभुण ते मारतात, पण एकाचा आवाज जरा कमी केलास की घूंऽऽ सुरू. प्रिसिजनचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असल्यामुळं तो मुळातच शांत. आता आपलं स्टेज आठव. मागं जनरेटर, वर एलईडीच्या माळा, बाजूला डिमर, आणि सगळ्याला मिळून एक लांबलचक वायर कुणाच्यातरी घरातून ओढलेली. दोन गाण्यांच्या मधे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि तुझा बास घूं करायला लागला तर सगळं मंडळ तुझ्याकडं वळून बघेल.

विजेचंच निघालंय तर हेही वाच, हे मात्र गमतीचं नाही. बासच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. तुझा अँप एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या, आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा वेळी हातात तार आणि ओठांना माइक लागला तर शॉक बसतो. साधा चटका नव्हे, माणूस जाऊ शकतो. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायला लाव. जोडल्यावर टेस्टर ब्रिजला टेकवून बघ. पेटला तर वाजवायचं नाही, मंडळवाले कितीही चिडले तरी. भुणभुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नको. त्यासाठी डीआय बॉक्स मिळतो, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. अँप नसला तरी चालेल, हा डबा मात्र स्वतःचा ठेव. साऊंडवाल्याकडं मागितलास की तो म्हणतो, आहे की, आणि कार्यक्रमाच्या दिवशी नसतो.

पाच तारांचा घेऊ का, असं तू मागं विचारलं होतंस. मोहिनी डेचे व्हिडिओ बघून विचारलं असशील. ती मुंबईची, वडीलही बास वाजवायचे, लहानपणापासून हातात बास. तिचा हात वेगळाच आहे, बघ आणि खूश हो. पण पाचव्या तारेचा विचार आपल्या गायकांच्या पट्टीवरून कर. चार तारांच्या बासची सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे पांढरी तीन. गायक काळी तीनला गाणार असेल तर तुझा षड्ज त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटला, काळी चार असेल तर चौथ्याला. झकास, भरदार जागा. पण काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या पट्ट्यांत खालचा षड्ज चार तारांवर मिळतच नाही. तुला तो वरच्या सप्तकात, दुसऱ्या तारेवर चौथ्या, पाचव्या, सहाव्या फ्रेटला घ्यावा लागतो. पाच तारांच्या बासवर तो खाली मिळतो. म्हणून पाच तारांचा घ्यायला हरकत नाही, असं पोरं म्हणतात.

माझं मत वेगळं आहे. काळी दोनचा खालचा षड्ज म्हणजे सेकंदाला 39 कंपनं. तो आपल्या मंडळाच्या बॉक्समधून बाहेर कसा पडणार? वरच्या सप्तकातला 78चा षड्ज लोकांच्या छातीवर व्यवस्थित बसतो. शिवाय पाच तारा म्हणजे नेक आणखी रुंद, वजन जास्त, आणि न वाजणारी एक तार सतत दाबून ठेवायचं काम. नाही दाबलीस तर ती आपणहून घुमत राहते. तुला ज्या दिवशी चार तारा अपुऱ्या पडतील त्या दिवशी घे. अजून पडलेल्या नाहीत.

बॅटरीवाल्या बासविषयी थोडक्यात. 1976 मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला, त्यातही लिओ फेंडरचाच हात होता, आणि आत प्रीअँप असलेला बास सगळीकडं रुळला. आवाज कडक, उठावदार, अंगठ्यानं तार मारून वाजवायला उत्तम. पण आत 9 व्होल्टची बॅटरी. वायर जॅकमध्ये खोचून ठेवलीस की वाजवत नसलास तरी ती संपत जाते. रात्री साडेदहाला ती गेली तर मुरुडात कुठलं दुकान उघडं असणार? घेतलासच तर एक बॅटरी बॅगेत कायम, आणि वाजवून झालं की वायर काढायची.

अंगठ्यानं तार मारण्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. ती पद्धत रुळवली लॅरी ग्रॅहमनं. तो आईच्या बँडमध्ये वाजवायचा, ड्रमर नव्हता, म्हणून ड्रमची उणीव भरायला तो अंगठ्यानं तारेवर ठोके द्यायला लागला. आपल्या स्टेजवर ऑक्टोपॅड आहे, ढोलकी आहे, कधीकधी हलगीसुद्धा आहे. ठोक्यांची उणीव कुठंय? घरी भरपूर कर. स्टेजवर कहरव्याच्या आठ मात्रांतली पहिली आणि पाचवी तेवढी पक्की धर, मधल्या जागा ढोलकीवाल्याला दे. त्याचा धुमेचा हात आणि तुझा सूर एकाच क्षणी पडले तर समेला वजन येतं. जराही पुढंमागं झाले तर दोघंही पातळ वाटतात. म्हणून कार्यक्रमाआधी ढोलकीवाल्याशेजारी बसून चहा पी. गायकाशी मैत्री नसली तरी चालेल, ढोलकीवाल्याशी पाहिजे.

व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर तुला आवडतो हेही मला ठाऊक आहे, तुझ्या मोबाइलवर चित्र बघितलंय. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं तो 1961 मध्ये हँबर्गला घेतला. स्वस्त होता, आणि माणूस डावखुरा, दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळं उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. तार आखूड, 30 इंची, बोटांना सोपी. आवाज गोल आणि मऊ. जुनी मराठी भावगीतं वाजवणार असशील तर गोड लागेल. आपल्या ऑक्टोपॅडपुढं तो टिकत नाही. फ्रेट नसलेला बासही असाच, मींड घ्यायला फार छान. जाको पास्टोरियसनं 1962चा फ्रेट काढलेला जॅझ बास वाजवून तो जगाला दाखवला. पण कान पक्का झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नको. अंधारात नेकवर कुठं बोट ठेवलं हे दिसत नाही आणि सूर चुकला तर गायकच बेसूर वाटतो.

आता तारा. बास कोणताही घे, निम्मा आवाज तारांत आहे. राउंडवाउंड म्हणजे खरखरीत तार, नवी असताना झणझणीत. फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत, आवाज आखूड आणि ठाम. जेमर्सन फ्लॅटवाउंडच वापरायचा. जुनी हिंदी गाणी करायची असतील तर फ्लॅटवाउंडला पर्याय नाही. महाग वाटतील, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि फ्रेट झिजवत नाहीत. आपल्याकडचा घाम खरखरीत तारेच्या खाचांत बसतो आणि महिनाभरात ती मरते. मेलेली राउंडवाउंड तार पाण्यात दहा मिनिटं उकळून, कोरडी पुसून लावली की पुन्हा काही दिवस बोलते. हे तुझ्या आईच्या भाताच्या पातेल्यात करू नको. एक जुनं भांडं वेगळं काढ.

फ्लॅटवाउंड परवडत नसेल तर आणखी एक युक्ती. जुन्या गादीतला बोटभर फोम ब्रिजजवळ तारांखाली सारायचा. फेंडरच्या पहिल्या बासना ब्रिजवर जी झाकणं असत त्यांत कंपनीच असा फोम घालून द्यायची. सूर लांबत नाही, धप् असा वाजून थांबतो, आणि ढोलकीला जागा मिळते. हा फोम लावून राहुलदेव बर्मनची गाणी हेडफोनवर ऐकत वाजव. त्यांच्याकडं बासला टोनी वाझ असायचे. गाणं सोडून दे, शब्द सोडून दे, फक्त खालची ओळ धर. ती किती कमी सुरांत चालते आणि गायकानं श्वास घेतला की कशी सरकते, ते बघ. आजवर ज्याचं नाव कधी छापून आलं नाही अशा माणसाचं काम आहे हे, असं तुला पुष्कळदा वाटेल. आपल्या बाभळगावच्या रितेश देशमुखला घेऊन 2016 मध्ये ‘बँजो’ सिनेमा निघाला. बासवाल्यावर निघायचा नाही. ते मनाला लावून घेऊ नको.

तुला कुणीतरी म्हणेलच की बास कशाला, कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे की. आमच्या वेळेपासून हे चालू आहे, एक माणूस कमी म्हणजे एक पाकीट कमी. चरणजित सिंग मुंबईच्या स्टुडिओंत बास वाजवायचे, पुढं सिंथेसायझरकडं वळले. 1982 मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची रेकॉर्ड केली, त्यात रोलँडचं टीबी-303 हे यंत्र होतं. ते यंत्र मुळात निघालं होतं एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. म्हणजे ज्याची जागा यंत्र घेणार होतं त्याच माणसानं ते यंत्र हातात घेतलं आणि त्याच्या साथीनं राग वाजवले. त्या बाण्याचा मला आदर आहे. पण कीबोर्डचा डावा हात पट्टी बदलली की एक बटण दाबून मोकळा होतो, गायक कडव्यात रेंगाळला तर त्याच्याबरोबर रेंगाळत नाही. तू रेंगाळू शकतोस. पाकीट मागताना हे डोक्यात ठेव.

दुकानात काय तपासायचं ते आता बघ. सगळ्यात जाड तार एका हातानं पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हातानं शेवटच्या फ्रेटवर दाब. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्या मधे एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट अजिबात नाही किंवा दोन कार्डं सहज जातात, तर नेकमधली ट्रस रॉड फिरवावी लागेल. ती दुकानातच फिरवून घे. पुढं स्वतः करायची वेळ आली तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट लावून हार्मोनिक वाजव, आणि त्याच जागी दाबून वाजव. दोन्ही सूर ट्यूनरवर एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर ब्रिजवर तार जिच्यावर टेकते ती खुर्ची मागं, उतरता आला तर पुढं. शेवटी प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट वाजवत जा. कुठं फर्र वाजलं किंवा सूर अचानक मेला तर तो बास ठेवून दुसरा माग. एकाच मॉडेलचे दोन बास सारखे नसतात, लाकूड आहे ते.

लाकडावरून आठवलं. आपल्याकडचा उन्हाळा नेकचा शत्रू. एप्रिल-मेमध्ये हवा एवढी कोरडी होते की फिंगरबोर्डचं लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन हाताला टोचतात. जूनमध्ये पाऊस पडला की तेच लाकूड फुगतं आणि नेक पुन्हा हलते. म्हणून वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि मृग लागल्यावर, वरची तपासणी करायची. बास पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवायचा नाही. पिशवीत घालून लोखंडी कपाटाच्या बाजूला, उन्हापासून लांब. कार्यक्रमाला जाताना जीपच्या टपावर बांधून न्यायचा नाही, मांडीवर घे.

पैशाचं असं कर. जेवढे आहेत त्यातले पाऊण बासला, पाव बाकीला. बाकी म्हणजे चांगली वायर, डीआय बॉक्स, ट्यूनर आणि पट्टा. पट्टा किमान तीन बोटं रुंद हवा, बास चार किलोच्या आसपास असतो आणि रात्रभर खांद्यावर राहतो. अरुंद पट्टा तुझ्या वयात जाणवत नाही, माझ्या वयात खांदा सांगतो.

दुकानात एक बास पसंत पडला की तिथल्या दुसऱ्या कुणाला तरी कीबोर्ड किंवा कहोन वाजवायला सांग आणि त्यांच्याबरोबर वाजव. बरीच दुकानं तयार होतात. कुणी नसेल तर मोबाइलवर आपलं एखादं गाणं मोठ्यानं लाव आणि त्याच्याबरोबर वाजव. त्या आवाजात तुझा सूर तुला न वाकता ऐकू आला, तर तो बास घे. डोळ्यांनी आवडलेला रंग नंतर बघू.

वापरलेला स्वस्तात मिळत असेल तर नाही म्हणू नको, पण नेकचा पीळ बघ. ब्रिजकडून नेकच्या दिशेनं एक डोळा मिटून पाहिलं की कळतो. पीळ असला तर फुकट दिला तरी नको, तो ट्रस रॉडनं निघत नाही. आणि विकणाऱ्याकडून बिल माग. नव्याचंही बिल जपून ठेव, मागच्या बाजूच्या सीरियल नंबरचा फोटो काढून आईला पाठवून दे. मॅकार्टनीचा तो हॉफनर 1972 मध्ये चोरीला गेला होता, तो सापडल्याचं जाहीर व्हायला 2024 उजाडलं. त्याच्यासाठी जगभर लोक शोधत होते. तुझ्यासाठी पोलीस ठाण्यात फक्त तो नंबर उपयोगी पडेल.